अभ्यासमंडळे टिकतात कशी?

शाळेत विज्ञानमंडळ सुरू करणे फारसे अवघड नसते. २८ फेब्रुवारीचा विज्ञानदिन जवळ आलेला असतो, मुख्याध्यापकांची परवानगी मिळते, मुले भराभर नावे देतात आणि एखाद्या प्राध्यापकांच्या हस्ते उद्घाटन होते. पहिल्या सभेला वर्ग अपुरा पडतो. दुसरीला पुढचे चार बाक भरतात. जून उजाडतो, दहावीचे जादा तास सुरू होतात, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मंडळाची वही कोणत्या कपाटात आहे हेही कुणाला आठवत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी हे पाहिले असेल.

विश्रांतवाडीत आम्ही काही शिक्षक विज्ञानाच्या अध्यापनासंबंधी महिन्यातून एकदा एकत्र बसतो. आळंदी रस्त्यावरच्या या भागाची एक अडचण आहे. शेजारी दिघी-कळसच्या लष्करी आणि संरक्षण संशोधनाच्या आस्थापना, भोवती कामधंद्यासाठी बाहेरगावाहून आलेल्यांच्या वस्त्या. दोन-तीन वर्षांनी वडिलांची बदली होते आणि मूल शाळा सोडून जाते. शिक्षकांच्याही बदल्या होतात. त्यामुळे दर जूनमध्ये आमच्यातले काही जण गेलेले असतात आणि जे नवे येतात त्यांना आधी काय झाले ते माहीत नसते. मंडळ चालू ठेवावे की रीतसर बंद करावे, असा प्रश्न निघाला तेव्हा असे ठरले, की ज्यांची मंडळे टिकली आणि ज्यांची टिकली नाहीत अशा दोघांचाही इतिहास आधी चाळावा. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

सुरुवात १८४८ पासून करावी लागते. त्या वर्षी मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. सभासद निबंध लिहून आणीत, वाचून दाखवीत आणि त्यावर चर्चा होई. सर्व व्यवहार इंग्रजीतच चालला असता तर त्याची मजल कॉलेजच्या आवारापुरतीच राहिली असती. परंतु सोसायटीने लवकरच मराठी आणि गुजराती शाखा काढल्या. मराठी शाखा म्हणजे ‘मराठी ज्ञानप्रसारक सभा’. तिचे अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग. सभेपुढे वाचलेले निबंध लोकांपर्यंत जावेत म्हणून १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले आणि ते १८६७ पर्यंत चालले. वाचणारा वर्ग लहान, छपाई खर्चाची, लिहिणारे सगळे नोकरदार. हे लक्षात घेता सतरा वर्षे हा काळ थोडा नव्हे.

याच सोसायटीने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या. सभासद सकाळी, स्वतःच्या कामाची वेळ होण्याआधी, तेथे बिनपगारी शिकवीत. दादाभाई नवरोजी त्यांपैकीच एक. मासिक बंद पडले, पण शाळांचे काम पुढे चालत राहिले. या फरकाचे आम्हाला फार आश्चर्य वाटले नाही. निबंध लिहिणारे पाच-सहा आणि ऐकणारे पन्नास, अशी सभा त्या पाच-सहांच्या उत्साहावर चालते. त्यांची बदली झाली, ते आजारी पडले किंवा दमले की सभाही दमते. शाळेला मात्र रोज सकाळी कुणीतरी कुलूप उघडावेच लागते. कारणे आणखीही असतील. आमच्या मनात मात्र हे कुलूप राहिले.

दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसे जमली. त्यांत आत्माराम पांडुरंग होते, डॉ. सखाराम अर्जुन होते आणि बाकीचे सहा युरोपियन होते. महिन्यातून एकदा भेटावे, पाहिलेले एकमेकांना सांगावे, जमवलेले नमुने दाखवावेत, एवढाच त्यांचा बेत होता. हीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. आज तिचे वय एकशेचाळीस वर्षांहून अधिक आहे.

आठांपैकी बहुतेक जण निसर्गाच्या अभ्यासावर पोट भरणारे नव्हते. पहिले चिटणीस एटकेन हे कस्टम्स आणि मीठ खात्यातले अधिकारी. त्यांच्यानंतर चिटणीसपद ज्यांनी सांभाळले ते फिप्सन दारूचे व्यापारी होते. १८८४ मध्ये त्यांनी फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानाच्या जागेत सोसायटीला खोली दिली. दारूच्या बाटल्यांशेजारी स्पिरिटमधल्या सापांच्या बाटल्या, असा तो शेजार असणार! पुढे तेथे विल्यम नावाचा एक धनेश पक्षी चिटणिसांच्या खुर्चीमागे वर्षानुवर्षे राहिला. तोच सोसायटीच्या बोधचिन्हावर आला.

ही गंमत बाजूला ठेवली तरी दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे कपाट. कुणी साप आणला की त्याला चिठ्ठी लावावी लागते. चिठ्ठीवर नाव हवे, सापडल्याचे ठिकाण हवे, तारीख हवी. नाव ठरवायचे तर पुस्तक काढावे लागते, दुसऱ्याला विचारावे लागते, आधीच्या सापाशी ताडून पाहावे लागते. म्हणजे पुढच्या सभेचे काम आदल्या सभेतच तयार होते. दुसरी गोष्ट म्हणजे नियतकालिक. ते १८८६ मध्ये सुरू झाले. त्यात विद्वानांचे दीर्घ लेख असत आणि शेवटी किरकोळ नोंदींचे एक सदर असे. जंगलखात्यातला अधिकारी, मळेवाला, लष्करातला डॉक्टर अशा कुणीही आठ-दहा ओळी पाठवाव्यात: अमुक पक्षी अमुक ठिकाणी अमुक दिवशी दिसला. निरीक्षण नीट असेल तर ते नावानिशी छापले जाई. आडगावी एकट्या पडलेल्या माणसाला त्या दहा ओळींमुळे आपण एका मोठ्या कामात आहोत असे वाटत असले पाहिजे. शिवाय चाळीस वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला त्याच दहा ओळी उपयोगी पडत.

नव्या माणसाला आत कसे घ्यावे, याचेही एक प्रसिद्ध उदाहरण याच संस्थेतले आहे. साधारण १९०८ ची गोष्ट. एका शाळकरी मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी हे सोसायटीचे सभासद. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला सोसायटीचे मानद चिटणीस मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. या गोष्टीचा शेवट सर्वांना ठाऊक असतो म्हणून तिचा मधला भाग आपण घाईने वाचतो. चिटणिसाने एका अनोळखी पोराला आपला वेळ दिला, खण उघडले आणि पुस्तके हातात ठेवली, हा तो मधला भाग. अशी किती मुले आली आणि पुढे सालिम अली झाली नाहीत, त्यांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. पण खण प्रत्येकासाठीच उघडावे लागतात, कारण सालिम अली कोणता हे आधी कळत नाही.

पक्ष्यांसाठी रान लागते. आकाश मात्र कळसच्या गच्चीवरूनही दिसते. म्हणून पुढचे उदाहरण आकाशाचे घेऊ. काही ताऱ्यांची तेजस्विता कमीजास्त होते. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. तिमिंगल राशीतला मीरा हा तारा सुमारे ३३२ दिवसांत मंद होऊन पुन्हा तेजस्वी होतो. असे तारे हजारो आहेत आणि प्रत्येकाकडे वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने पाहत राहावे लागते. मोठ्या वेधशाळांना तेवढा वेळ नसतो. शिवाय अमेरिकेत दिवस असतो तेव्हा तेथून पाहता येतच नाही; त्या वेळी रात्र असलेल्या देशात कुणीतरी जागे असावे लागते. या गरजेतून १९११ मध्ये अमेरिकेत रूपविकारी ताऱ्यांच्या हौशी निरीक्षकांची एक संघटना उभी राहिली.

पद्धत इतकी सोपी की नववीच्या मुलाला एका रात्रीत शिकवता येते. संघटना नकाशा पाठवते. त्यावर आपल्या ताऱ्याभोवतीच्या, न बदलणाऱ्या ताऱ्यांच्या प्रती लिहिलेल्या असतात. आपला तारा ६.२ प्रतीच्या ताऱ्यापेक्षा मंद आणि ६.८ प्रतीच्या ताऱ्यापेक्षा तेजस्वी, बरोबर मधोमध वाटला तर ६.५ लिहायचे. तारीख, वेळ, आकडा, की झाली नोंद. महिन्याच्या शेवटी सर्व नोंदी पाठवायच्या. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील लेस्ली पेल्टियर या शेतकऱ्याच्या मुलाने स्ट्रॉबेरी तोडून मिळवलेल्या अठरा डॉलरांत दोन इंची दुर्बीण घेतली. १९१८ च्या मार्चमध्ये त्याने पहिली नोंद केली आणि १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने दर महिन्याचा अहवाल पाठवला.

आपल्याला अधिक जवळची कथा राधागोविंद चंद्र यांची. आता बांगलादेशात असलेल्या जेसोरच्या सरकारी कोषागारात ते नाणी मोजण्या-पारखण्याचे काम करीत. प्रवेश परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नव्हती. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक नवतारा उजळला. त्याची निरीक्षणे त्यांनी हार्वर्डच्या वेधशाळेकडे पाठवली आणि त्यातून या संघटनेशी त्यांचा संबंध जुळला. १९१९ ते १९५४ या काळात त्यांनी पाठवलेल्या निरीक्षणांची संख्या ३७,००० च्या वर जाते. आरंभी त्यांच्याजवळ तीन इंची दुर्बीण होती. संघटनेने १९२६ मध्ये सहा इंची दुर्बीण समुद्रमार्गे त्यांच्याकडे धाडली. देणगी म्हणून नाही, वापरण्यासाठी. फाळणीनंतर ते बारासातला आले, म्हातारपणी निरीक्षणे थांबली. मग ती दुर्बीण खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे गेली आणि पुढे तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली.

या लोकांनी एकमेकांना क्वचितच पाहिले असेल. व्याख्यान नाही, सत्कार नाही, चहासुद्धा नाही. तरीही पस्तीस वर्षे एक कारकून रात्री उठून तारे पाहतो. का? आमच्या मते तीन गोष्टी होत्या: काम छोटे होते, ते खरोखर कुणाला तरी हवे होते, आणि पाठवलेल्या प्रत्येक आकड्याची मोजणी होत होती. यांपैकी दुसरी गोष्ट शाळेच्या मंडळात बहुधा नसते. आपण मुलांकडून जे प्रयोग करून घेतो त्यांचे उत्तर पुस्तकात छापलेले असते. मुलालाही हे ठाऊक असते.

म्हणून विश्रांतवाडीत आम्ही पर्जन्यमापकापासून सुरुवात केली. सरळ बाजूंचे भांडे, त्यात पट्टी, झाडापासून आणि भिंतीपासून दूर ठेवलेले. सरळ बाजूंचे असले की तोंड केवढे याला महत्त्व राहत नाही. साठलेल्या पाण्याची उंची म्हणजेच पाऊस. हवामानखाते पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपवते. आम्हीही तीच वेळ धरली, म्हणजे आमचा आकडा शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या आकड्याशी ताडता येतो. दोन्ही आकडे बहुधा जुळत नाहीत. वळवाच्या पावसात तर शिवाजीनगर कोरडे आणि आळंदी रस्ता वाहतो आहे असेही होते. मुलांना यात गोडी वाटली, कारण विश्रांतवाडीतल्या त्या अंगणात त्या दिवशी किती मिलिमीटर पाऊस झाला हे जगात फक्त त्यांनाच माहीत असते. नोंद करणारे मूल शाळा सोडून जाणार असेल तर जाण्याआधी दोन आठवडे ते दुसऱ्याला बरोबर घेऊन नोंद घेते. बदल्या आम्ही थांबवू शकत नाही. वही एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाईल एवढे पाहू शकतो.

महाराष्ट्रातील इतर प्रयत्नांपैकी दोहोंचा उल्लेख करावाच लागेल. पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांच्या देशातील सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक. धूमकेतू किंवा ग्रहण आले की अशा संस्थांकडे गर्दी होते आणि महिन्याभरात ओसरते. त्या ओसरलेल्या गर्दीतून दोघे-तिघे मागे राहतात आणि पुढची दहा वर्षे तेच संस्था चालवतात. दुसरी मराठी विज्ञान परिषद, स्थापना २४ एप्रिल १९६६. तिने अधिवेशन निरनिराळ्या गावी भरवण्याची प्रथा पाडली. त्यामुळे यजमान गावातल्या लोकांवर काम पडते आणि काम पडले की माणसे संस्थेची होतात. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेची हकीकत वाचकांना ठाऊक असेल. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती जयंत विष्णु नारळीकरांची कथा. आद्याक्षरे उलटी फिरवली होती आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. प्रसिद्ध माणसाला टोपणनावाने यावेसे वाटले, कारण त्या दारातून अप्रसिद्ध माणसालाही आत येता येत होते. ज्या स्पर्धेत नाव पाहून बक्षीस मिळते तेथे अनोळखी लेखक दुसऱ्यांदा फिरकत नाही.

आता आपल्या व्यवसायातले उदाहरण. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांत ‘करून शिकण्याचा’ विज्ञानकार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो हाती घेतला होता. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला, १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था निघाली, आणि पुढे तो इतर जिल्ह्यांत पसरला. त्याची पुस्तके आणि प्रयोगपेट्या यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष वेधले ते मासिक गोष्ठीने, म्हणजे परिसरातील शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीने.

उन्हाळ्यात प्रशिक्षण होई. तेथे शिक्षक स्वतः विद्यार्थी होऊन सर्व प्रयोग करीत. पण खरी अडचण वर्गात गेल्यावर येते. चुंबक काम करीत नाही, बियाणे रुजत नाही, एखादी मुलगी असा प्रश्न विचारते की पुस्तकात त्याचा मागमूस नाही. प्रशिक्षण संपलेले असते, साहाय्यक दूर असतात. अशा वेळी महिन्याच्या बैठकीत तो प्रश्न घेऊन जाता येई. तेथे दुसऱ्या गावचा शिक्षक सांगे की माझ्याकडेही असेच झाले, मी असे केले. अनुभवी शिक्षक इतरांच्या वर्गात जाऊन मदत करीत. त्याला अनुवर्तन म्हणत. शाळातपासणी आणि अनुवर्तन यांतला फरक शिक्षकांना समजावून सांगण्याची गरज नाही. वर्गातून आलेल्या अडचणींवरून पुस्तकांत बदलही होत. ‘होशंगाबाद विज्ञान’ हे पत्रक निघे. मुलांच्या पत्रांसाठी सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला वाटेल ते विचारीत आणि सवालीराम उत्तर पाठवी. उत्तर येते आहे हे एका मुलाला कळले की गावातली दहा मुले लिहू लागतात.

२००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांची घडी एका आदेशाने मोडली. ज्यांनी त्यात काम केले ते शिक्षक पुढेही शिकवत राहिले, शिकलेले कुणी काढून घेतले नाही. पण बैठक, अनुवर्तन, पेटीतले सामान यांना सरकारी मान्यतेचा आधार होता आणि तो गेल्यावर ती रचना तशी उभी राहू शकली नाही. परवानगीवर चालणाऱ्या प्रत्येक मंडळाने हे ध्यानात ठेवावे असे आम्हाला वाटते. आमची बैठक शाळेच्या वेळेबाहेर आणि आळीपाळीने वेगवेगळ्या शाळांत होते, त्याचे एक कारण हेच.

होशंगाबादच्या बैठकीतून खालची तक्रार वर जात होती. याच गोष्टीची एक फार जुनी सोय दरवर्षी आमच्या दारावरून जाते. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते आणि दिघी, कळस, विश्रांतवाडी या मार्गाने पुण्यात शिरते. आज दिसते ती पालखीची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घातली. दिंड्यांचा क्रम ठरलेला, कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे तेही ठरलेले. ज्याला वाचता येत नाही असा माणूस वीणेकऱ्यामागे चालत चालत शेकडो अभंग पाठ करतो. दर मुक्कामी संध्याकाळी सर्व दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळमृदंगांचा गजर चाललेला असतो. चोपदार हातातला दंड उंच करतो आणि क्षणात सारे शांत होते. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवीत नाही. हजारो माणसांच्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, म्हणणे ऐकून घेतो, आणि त्यानंतर टाळ थांबून आरती सुरू होते.

आमच्या बैठकीत आता पहिली पंधरा मिनिटे याच कामासाठी ठेवली आहेत. गेल्या खेपेला नव्याने आलेल्या एका शिक्षिकेने सांगितले, की जुने लोक आपापसात मागच्या वर्षीच्या गोष्टी बोलतात आणि नव्यांना काही कळत नाही. तेव्हापासून प्रत्येक बैठकीचा वृत्तांत सर्वांत नव्या सभासदाने लिहायचा, असे ठरले आहे. ज्याला कळले नाही तोच लिहिणार असल्यामुळे बाकीच्यांना सर्व नीट समजावून सांगावे लागते. बैठक त्यामुळे अर्धा तास लांबते.